महाबळेश्वरच्या जुन्या घराला फायरप्लेस कुठली बसवायची: एका घराची पूर्ण गोष्ट

घर महाबळेश्वर गावाच्या जरा बाहेर, वेण्णा लेकच्या बाजूला. जांभ्याच्या जाड भिंती, वर पत्रा, आतून लाकडी सिलिंग, आणि हॉलच्या बाहेरच्या भिंतीला एक फायरप्लेस जी आधीच्या मालकाने कधीतरी विटा लावून बुजवून टाकलेली. पुण्यातून रिटायर होऊन काका-काकू तिथे कायमचे राहायला आले. मी वाईची, जुनी घरं दुरुस्त करायचं काम करते, कुणाच्या तरी ओळखीतून त्यांचा फोन आला तो फेब्रुवारीत. काकांचं पहिलंच वाक्य होतं, "अगं, ती फायरप्लेस चालू करून दे, आणि ती नाहीच जमली तर नवीन कुठली घ्यायची ते तू ठरव."

हे काम दोन महिन्यात होईल असं मला वाटलं होतं, प्रत्यक्षात पुढचा पावसाळा आणि पुढची थंडी दोन्ही बघून झाल्यावरच ते नीट पूर्ण झालं असं म्हणता येईल. सगळं लिहून ठेवतेय कारण पाचगणी, लोणावळा, तोरणमाळ, कुठल्याही डोंगरावर घर घेणारा माणूस हाच प्रश्न विचारतो आणि दुकानात त्याला उत्तर मिळतं ते शिमल्याच्या नाहीतर युरोपच्या थंडीचं.

मी जायच्या आधी त्यांनी काय काय करून बघितलं होतं ते आधी सांगते. डिसेंबरात एका ठेकेदाराने विटा काढल्या, आत लाकडं रचून पेटवली आणि दहा मिनिटात हॉल धुराने भरला, पडदे आठवडाभर वास मारत होते. मग मुलीने ऑनलाइन एक इथेनॉलचा बर्नर पाठवला, दिसायला सुंदर, धूर नाही, पण दोन तास चालला की खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळायचं. आणि जानेवारीत फार गारठा पडला त्या रात्री काकांनी कोळशाची शेगडी बेडरूममध्ये घेतली, दार लावून झोपले. काकूंना मध्यरात्री जाग आली ती डोकं ठणकत होतं म्हणून, उठून दार उघडायला गेल्या तर पाय लटपटत होते. त्यांना वाटलं पित्त झालं. हे ऐकल्यावर मी बाकीचं सगळं बाजूला ठेवलं आणि त्यांना म्हटलं, काकू, ते पित्त नव्हतं. कोळसा बंद खोलीत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. त्या रात्री जाग आली नसती तर? शेगडी त्याच दिवशी अंगणात गेली, आणि या कामातली माझी पहिली खरेदी कुठली असेल तर बॅटरीवर चालणारे दोन कार्बन मोनॉक्साइड अलार्म, एक हॉलला एक बेडरूमला. फायरप्लेसचं नंतर बघू म्हटलं.

आता हवामान. महाबळेश्वरची थंडी म्हणजे काय हे आकड्यात बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दर वर्षी पेपरात फोटो येतो, वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले, जीपच्या टपावर बर्फाचा थर वगैरे, ते खरंच असतं, पण ते तळ्याकाठच्या सखल भागात, निरभ्र शांत रात्री, जड गार हवा खाली साचते म्हणून. गावात त्याच रात्री पारा बराच वर असतो. हे घर तळ्याच्या बाजूला असलं तरी उतारावर बरंच वर आहे, मी आठ दिवस थर्मामीटर व्हरांड्यात टांगून ठेवला, पहाटे ११ ते १३ अंश. दिवसा ऊन चांगलं. म्हणजे शेकावंसं वाटेल अशा संध्याकाळी वर्षाला फार तर साठ, त्यात खरंच हुडहुडी भरेल अशा पंधरा-वीस.

आणि पावसाळा? वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यात. दोन-दोन आठवडे धुकं घरातून हलत नाही. गावातली माणसं मे महिन्यातच भिंतींना बाहेरून गवताच्या झड्या लावून घेतात कारण पाऊस वरून कमी आणि आडवाच जास्त येतो. काकूंची खरी तक्रार पण हीच होती, ती निघाली तिसऱ्या भेटीत. काका आगीबद्दल बोलत होते आणि काकू मला आत घेऊन गेल्या, कपाट उघडलं, वरच्या कप्प्यात त्यांची सगळी पुस्तकं, एक काढून माझ्या हातात दिलं. पुठ्ठ्यावर पांढरट हिरवी लव, पानं एकमेकांना चिकटलेली, हाताला ओलसर आणि वास तसाच कुबट. "थंडीचं काय गं, दोन शाली घेऊ," त्या म्हणाल्या, "पण जुलै महिन्यात गादी ओली, उशी ओली, मला रात्रभर दमा. तुझ्या त्या फायरप्लेसने हे जाणार आहे का?"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रश्नच बदलला. वीस थंड रात्रींसाठी आपण यंत्र निवडत होतो आणि शंभर ओले दिवस तसेच सोडून देत होतो.

मग हिशोब केला. हॉल २० बाय १५ फूट, उंची १० फूट, म्हणजे ३००० घनफूट, ८५ घनमीटर. दोन भिंती बाहेरच्या, खिडक्या जुन्या एकेरी काचेच्या, वरती पत्रा आणि सिलिंग. असल्या खोलीतून बाहेरच्या-आतल्या तापमानात १ अंशाचा फरक असेल तर साधारण २०० वॅट ऊब बाहेर जाते. बाहेर ११ आणि आत २० हवं असेल तर ९ अंश, म्हणजे १८०० वॅट. पावणेदोन-दोन किलोवॅट! एक साधा हिटर. काकांनी ज्या विलायती स्टोव्हचा फोटो मला दाखवला होता तो १२ किलोवॅटचा होता.

पावसाळ्याचा हिशोब तर आणखी छोटा. जुलैत बाहेर १८ अंश आणि आर्द्रता शंभरच्या आसपास. हीच हवा आत येऊन नुसती ५ अंशांनी तापली, १८ ची २३ झाली, तर तिची आर्द्रता ७३ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेत जास्त पाणी मावतं म्हणून ती कोरडी वाटते. बुरशीला साधारण ७५-८० च्या वर आर्द्रता सतत लागते. म्हणजे १ किलोवॅट ऊब, पण सतत, दिवसरात्र, शंभर दिवस. संध्याकाळी दोन तास धडाडून पेटणारी आग यात फारशी कामाची नाही, ती विझली की तासाभरात भिंती पुन्हा ओल ओढायला लागतात.

तरी जुनी फायरप्लेस का धुमसली ते शोधणं भागच होतं, कारण काकांना आग बघायची होती आणि ती इच्छा मला मनापासून पटते, माणसाला म्हातारपणी आगीसमोर बसावंसं वाटलं तर त्यात वावगं काय आहे. माझ्याबरोबर आमचे गवंडी मामा होते, चाळीस वर्षं या डोंगरावर काम केलेले. त्यांनी धुराड्यात डोकं घालून वर बघितलं आणि म्हणाले, "ताई, ह्ये वडतच न्हाय बगा. तोंड थोराड आन् नळी बारीक."

मोजलं तर बरोबर निघालं. फायरप्लेसचं तोंड ३६ इंच रुंद आणि ३० इंच उंच, म्हणजे १०८० चौरस इंच. धुराड्याची नळी ९ बाय ९, म्हणजे ८१. नळी तोंडाच्या निदान दहावा भाग हवी, इथे तेरावा भाग होती. मी एक अगरबत्ती लावली आणि तोंडाच्या वरच्या कडेला धरली. धूर आत जातो, थबकतो, थोडा बाहेर येतो, परत आत जातो, अगदी निर्णय न झाल्यासारखा. मग मामांनी पत्र्याचा एक तुकडा वरून आडवा धरला आणि इंच इंच खाली आणत गेले. २६ ला थोडा फरक, २४ ला बरा, २२ इंचावर आला तसा अगरबत्तीचा धूर दोरी ओढल्यासारखा सरळ आत. कागदावर पण तेच येतं, ८१ गुणिले १० भागिले ३६, साडेबावीस. काका खूश झाले, म्हणाले झालं की काम. आणि तेवढ्यात काकूंनी स्वयंपाकघरात फोडणी टाकली, एक्झॉस्ट फॅन लावला. अगरबत्तीचा धूर वळला आणि हॉलमध्ये यायला लागला, पत्रा तसाच होता तरी.

ही गोष्ट मी आता प्रत्येक घरात पहिल्यांदा तपासते. दारं-खिडक्या बंद असल्या आणि घरात कुठेही पंखा हवा बाहेर फेकत असला की ती हवा कुठून तरी आत यायलाच हवी, आणि सगळ्यात मोठं भोक असतं धुराडं. ठेकेदाराने पेटवलं त्या दिवशी पाहुण्यांचा स्वयंपाक चालू होता, फॅन चालू होता. त्यात धुराडं बाहेरच्या भिंतीत, ते रात्रभर गार पडलेलं, गार हवा जड, ती खालीच येत होती. अशा वेळी आधी पेटता कागद वर धरून नळी तापवून घ्यायची असते, मग लाकडं. आणि धुराड्याच्या तोंडात पोळं पण होतं, जुनं, रिकामं, सातेरी मधमाश्यांचं. त्यांना अशा अंधाऱ्या पोकळ्या आवडतात. इथून जवळ मांघरला मधाचं गाव केलंय, तिथल्या माणसांनी ते पोळं बघून सांगितलं की माश्या कधीच गेल्यात, काढा बिनधास्त.

म्हणजे उघडी फायरप्लेस दुरुस्त करता आली असती. मी तरी नको म्हटलं आणि त्याचं कारण असं. उघड्या आगीत लाकडातल्या उबेचा जेमतेम दहावा भाग खोलीत राहतो, बाकी धुराड्यातून वर. शिवाय ती मिनिटाला काहीशे घनफूट हवा खोलीतून ओढते, म्हणजे आपला ३००० घनफुटांचा हॉल दहा-बारा मिनिटात रिकामा होऊन बाहेरच्या हवेने भरतो. एक मान्य करते, थंडी सौम्य असली की यात फारसं बिघडत नाही, आत येणारी हवा ११ अंशांची आहे, उणे १५ ची नाही, आणि समोर बसलं की ज्वाळेची झळ थेट अंगाला लागते, छान वाटतं. कॅनडात उघडी फायरप्लेस घर गार करते असं म्हणतात ते इथे तितकं खरं नाही. पण जुलैत? बाहेरचं धुकं दहा मिनिटाला एकदा घरात ओढून घ्यायचं यंत्र होतं ते. काकूंच्या दम्याला तर धूर मुळीच नको.

लाकडाचा हिशोब पण बघा. वाळलेल्या लाकडाच्या १ किलोत साधारण ४ युनिट ऊब असते, युनिट म्हणजे विजेच्या मीटरवरचंच, १ किलोवॅट तासभर. पाच तासांच्या संध्याकाळी आपल्याला १० युनिट हवीत. उघड्या आगीला त्यासाठी २५ किलो लाकूड, चांगल्या बंद स्टोव्हला, जो ७० टक्के ऊब खोलीत ठेवतो, साडेतीन किलो. साठ संध्याकाळी धरा, दीड टन विरुद्ध दोनशे दहा-पंधरा किलो. महाबळेश्वर-पाचगणी हा २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, इथे वर्षाला दीड टन लाकूड शेकायला जाळणं मला तरी बरोबर वाटत नाही.

इथेनॉलच्या बर्नरचं पाणी कुठून येत होतं? ते काचेतून झिरपत नव्हतं, ते जळण्यातूनच तयार होत होतं. १ लिटर इथेनॉल जळलं की जवळजवळ ९२५ ग्रॅम पाणी वाफ होऊन खोलीत येतं, आणि दीड किलो कार्बन डायऑक्साइड, कारण धुराडंच नाही. काका संध्याकाळी दीड लिटर जाळायचे, म्हणजे १.४ लिटर पाणी. आता ८५ घनमीटर हवेत २० अंशांना जास्तीत जास्त मावतं किती, तर दीड लिटरच्या आसपास. म्हणजे रिकाम्या कोरड्या खोलीला एकट्याने ओलीचिंब करेल एवढं पाणी, मग ते गार काचेवर नाही बसणार तर कुठे. बिनधुराड्याच्या गॅस हिटरची गत तीच, १ किलो एलपीजीमागे १.६ लिटर पाणी. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आम्ही आग लावून घरात पाऊस पाडत होतो." अगदी तेच.

धुराड्याला जोडलेली बंद काचेची गॅस फायरप्लेस असते, ती पाणी आणि धूर दोन्ही बाहेर टाकते, वापरायला सोपी, आणि शहरात पाईप गॅस असता तर मी कदाचित तीच सुचवली असती. पण इथे सिलिंडर, तो घाटातून येणार, मशीन बाहेरून मागवलेली, बिघडली तर माणूस मिळणार पुण्या-मुंबईतून. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर खाली साचतो, आणि या घराला हॉलखाली तळघर आहे. तिथेच तो पर्याय संपला.

विजेचं मात्र मी त्यांना स्पष्ट सांगितलं. नुसती ऊब हवी असेल, आग बघायची नसेल, तर फायरप्लेस घेऊच नका, हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी लावा, असल्या सौम्य थंडीत तो १ युनिट वीज घेऊन ३ युनिटच्या आसपास ऊब देतो. बाकी कुठलंही यंत्र त्याच्या जवळ येत नाही. एलईडीच्या खोट्या ज्वाळेची इलेक्ट्रिक फायरप्लेस म्हणजे साधा हिटरच, १ ला १, फक्त चौकट वेगळी. काकांनी एसीचा विचार केला, खरंच केला, पण इथे पावसाळ्यात फांदी पडली की लाईट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते, थंडीत पण भरवसा नाही, आणि सगळी ऊब विजेवर टांगलेली त्यांना नको होती. शिवाय आग.

मग राहिला बंद लोखंडी स्टोव्ह, समोर काच, जुन्या फायरप्लेसच्या कोनाड्यातच बसवलेला. काकूंना समजावताना मला बंब आठवला. त्यांच्या माहेरी तांब्याचा बंब होता, तो किती थोड्या ढलप्यांवर किती पाणी तापवायचा ते त्यांना पाठ होतं. खाली जाळी, मधून नळी, हवा खालून आणि धूर वरून, सगळी झळ पाण्याला. स्टोव्ह म्हणजे तेच, पाण्याच्या जागी खोली. "मग असं आधी सांगायचंस ना," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर स्टोव्हबद्दल त्यांचा एकही प्रश्न आला नाही.

साईज ठरवताना मात्र फार जपावं लागलं. सौम्य थंडीच्या घरात लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच, मोठा घेतात. आपल्याला २ किलोवॅट हवेत आणि स्टोव्ह १२ चा असला तर अर्ध्या तासात खोलीची भट्टी होते, मग माणूस हवेची झडप बंद करतो, आग घुसमटते, लाकूड जळायच्या ऐवजी धुमसतं, काच काळी होते आणि धुराड्यात डांबरासारखा चिकट थर बसतो. तोच थर एखाद्या दिवशी पेट घेतो. बाजारात छोट्यात छोटे बरे स्टोव्ह ४-५ किलोवॅटचे मिळतात, आम्ही ५ चा घेतला, तो पण तसा मोठाच होता. मग मामांनी एक गोष्ट केली जी मला फार आवडली. कोनाडा आतून काळ्या दगडाने बांधून घेतला, अंदाजे ३०० किलो दगड, फायर क्लेमध्ये, म्हणजे आच सोसणाऱ्या मातीत, सिमेंट नाही कारण सिमेंट त्या उष्णतेला तडकतं. आता स्टोव्ह दीड-दोन तास खुल्या हवेवर स्वच्छ, गरम जाळायचा, आणि विझू द्यायचा. ३०० किलो दगड ३० अंशांनी तापला की त्यात सव्वादोन युनिट ऊब साठते आणि ती रात्री हळूहळू खोलीत येते. आग थांबल्यावर काका तिथे पाठ लावून बसतात.

साताऱ्याच्या एका फॅब्रिकेटरने निम्म्या किमतीत स्टोव्ह करून देतो म्हटलं होतं, पत्रा जाड, वेल्डिंग चांगलं, माणूस मेहनती. पण तो काच टफन्ड लावणार होता. टफन्ड काच अडीचशे अंशांच्या आसपास हार मानते, स्टोव्हला सिरॅमिक काच लागते जी सातशेपर्यंत टिकते. ती त्याला मिळत नव्हती म्हणून तयार ओतीव लोखंडाचा स्टोव्ह घेतला. कुणी स्थानिक बनवून घेत असेल तर एवढं एक विचारून घ्या.

जुन्या धुराड्यात वरून ६ इंची स्टेनलेस स्टीलचा पाईप सोडला, तळापासून टोकापर्यंत सलग, म्हणजे ९ बाय ९ च्या खडबडीत नळीचा प्रश्नच मिटला. वरचं टोक छपरातून जिथे बाहेर येतं तिथून ३ फूट वर आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्या २ फूट वर, हा नियम पाळला, धुराडं त्यासाठी दोन फूट वाढवावं लागलं. टोपी जाळीची, माश्या आणि पाऊस दोन्हीसाठी. आणि एक्झॉस्ट फॅनवर उपाय म्हणून बाहेरून तळघरातून ४ इंची पाईप थेट स्टोव्हच्या खाली आणला, आगीला लागणारी हवा बाहेरूनच येते, खोलीतली घेतच नाही. फोडणी पडली, फॅन लागला, तरी आता आग हलत नाही. पुढच्या लाकडी फरशीवर दीड फूट शहाबादी घातली, निखारा पडला तर.

या सगळ्यात स्टोव्हला जेवढा खर्च आला जवळजवळ तेवढाच पाईप, टोपी, पत्रा आणि मजुरीला आला. दुकानदार फक्त स्टोव्हची किंमत सांगतो म्हणून हे सांगितलं.

आता पावसाळा. हॉल आणि बेडरूमला मिळून एक डीह्युमिडिफायर घेतला. काकांना वाटलं मी दोन कामं एका पैशात करायची सोडून खर्च वाढवतेय. पण बघा, ते मशीन हवेतून १ लिटर पाणी काढतं तेव्हा त्या वाफेत अडकलेली ०.६८ युनिट ऊब खोलीतच सोडतं. जुलैत काकू रोज ८ लिटरच्या आसपास पाणी बादलीत ओततात, वीज खाल्ली ४ युनिट, ती पण शेवटी खोलीत ऊब होऊनच येते, आणि दोन्ही मिळून ऊब आली साडेनऊ युनिटच्या जवळपास. मला जी सतत, थोडी थोडी ऊब हवी होती ती बरीचशी हीच. राहिलेली कसर स्टोव्ह भरून काढतो, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, आणि लाईट गेली की रोज.

आणि एक फायदा मला आधी लक्षातच आला नव्हता. लाकूड नीट जळायला त्यात पाणी २० टक्क्यांच्या आत हवं. महाबळेश्वरात जुलैत बाहेरच्या शेडमध्ये, पाऊस न लागता नुसत्या दमट हवेत ठेवलेलं वाळकं लाकूड सुद्धा हवेतलं पाणी पिऊन २० च्या वर जातं, ९० टक्के आर्द्रतेत त्याची तशी सवयच आहे. मग धूर, मग काजळी. पण तेच लाकूड ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत राहिलं तर १२ वर येऊन थांबतं. म्हणून आता आठवड्याचं जळण हॉलमध्येच, स्टोव्हपासून तीन फूट लांब रॅकवर रचलेलं असतं. बाभूळ आणतात, वाईच्या बाजूच्या वखारीतून, फेब्रुवारीत घेऊन एप्रिलच्या उन्हात फोडून वाळवतात. वादळात पडलेल्या सिल्व्हर ओकचं लाकूड कुणी रीतसर दिलं तर ते पण चालतं, हलकं असतं, पटकन पेटतं, पेटवणाला चांगलं. जंगलातलं काही नाही, ते पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

पहिल्या पावसाळ्यात सगळं काही सुरळीत झालं नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात धुराडं पत्र्यातून जिथे बाहेर येतं तिथे गळती सुरू झाली, सिलिंगवर चहाच्या रंगाचा डाग. जांभा पाणी पितो, वाढवलेल्या दोन फुटांना बाहेरून गिलावा केला होता पण वरचा माथा सपाट ठेवला होता, पाणी तिथून आत मुरत होतं. चूक माझी, मी माथ्याला उतार दाखवायला विसरले होते ड्रॉइंगमध्ये. भर पावसात तात्पुरता पत्रा ठोकला आणि ऑक्टोबरात माथा उतरता करून, चारी बाजूला दोन इंच पुढे काढून परत केला. त्याच्यानंतरच्या पावसाळ्यात डाग वाढला नाही. काकूंनी तो रंगवू दिला नाही, म्हणाल्या राहू दे, वाढतो का ते कळेल.

हॉलमधला आर्द्रतेचा काटा जुलैत ९० च्या वर असायचा तो आता ६५ ते ७० मध्ये असतो. पुस्तकं एप्रिलच्या उन्हात एकेक पान उघडून वाळवली, ब्रशने झाडली, आठ-दहा टाकून द्यावी लागली, बाकीची परत कपाटात गेली. काकूंचा दम्याचा पंप अजून आहे, पण रात्रीचा बंद झाला. थंडीत काका सहा वाजता स्टोव्ह पेटवतात, साडेआठला विझू देतात, सकाळी दगड अजून कोमट असतो. अलार्म दोन वर्षात एकदाच वाजला, बॅटरी संपली म्हणून.

गेल्या एप्रिलमध्ये मामा धुराडं साफ करायला वर चढले, मी खाली पोतं धरून बसले होते. वरून ब्रश तीनदा फिरला आणि खाली जेमतेम दोन ओंजळी काजळी पडली, कोरडी, भुरभुरीत, हातावर घेतली तर फुंकरीने उडेल अशी. जुन्या नळीतून पहिल्यांदा निघाली होती ती पाटीभर होती, काळी चकचकीत, खरवडून काढावी लागली होती. मामांनी वरूनच विचारलं, "ताई, आजून येतंय का काय?" मी म्हटलं नाही, संपलं, या खाली.